बाकीमामा

आमच्या आश्रमशाळेत वाढप संपलं की स्वयंपाकघराच्या दारात एक बुटका माणूस हातात डाव घेऊन उभा राहायचा आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "चारशे तीस केळी, दोनशे सात पोरं. प्रत्येकी दोन. बाकी सोळा. सोळा केळी पहिलीवाल्यांना, नवीन आलीत, काल रडत होती." हे ऐकेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, असा काही शाळेचा नियम नव्हता. पण आम्ही उचलत नव्हतो. केळी असोत, अंडी असोत की रविवारचे गुलगुले, किती आले, किती जणांत वाटले आणि किती उरले हे ऐकल्यावरच आमचे हात ताटाकडे जायचे. म्हणून त्यांचं नाव बाकीमामा. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते आमच्या तोंडी कधी बसलं नाही.

मामा स्वयंपाकी होते. वेवजीचे. गुजरातची हद्द त्यांच्या घरापासून इतकी जवळ की त्यांची कोंबडी सकाळी एका राज्यात आणि दुपारी दुसऱ्या राज्यात चरते असं ते सांगायचे. घरी ते आमच्यासारखंच पाड्यावरचं बोलायचे, बाजारात गुजरातीत घासाघीस करायचे, पण आकड्यांचं बोलणं मात्र नेहमी शाळेतल्या मराठीत. दहावीला ते इंग्रजीत गेले होते. गणितात किती पडले होते हे विचारलं की नुसते हसायचे. त्यांचं वरण पातळ असायचं, हेही सांगितलं पाहिजे, कारण गुण सांगून दोष गिळला असता तर त्यांना आवडलं नसतं. "बाकी लपवायची नाय," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं. भागाकार चुकला तर चालतो, परत करता येतो. पण उरलेलं कुणी झाकून ठेवलं की मग जेवणाऱ्यांचा वाढणाऱ्यावर विश्वास राहत नाही, असं ते आम्हाला सांगत. एकदा मुख्याध्यापकांकडे पाहुणे आले होते आणि मामांनी त्यांच्यासमोरही दारात उभं राहून "बाकी तीन अंडी, तीन पाहुण्यांना" असं जाहीर केलं. पाहुण्यांना ती अंडी खाताना घाम फुटला होता.

रविवारी आम्ही मुली तांदूळ निवडायला बसायचो. मामा चुलीपाशी बसून आमच्याकडे एकेक संख्या टाकायचे. ज्या संख्येला दुसऱ्या कशानंच भाग जात नाही तिला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. मामा तिला खडा म्हणायचे. खडा कितीही वेळ चुलीवर ठेवा, शिजत नाही, आणि दातांनी फुटत नाही. बाकीच्या सगळ्या संख्या म्हणजे डाळ. "एक्याण्णव?" असं त्यांनी विचारलं की आम्ही एका सुरात "खडा" म्हणायचो, आणि मामा मान हलवून म्हणायचे, "साततेरा एक्याण्णव. शिजली." एसटी फाटकाशी थांबली की ते आधी नंबरप्लेट बघायचे, मग उतरणारी माणसं. पुढे त्यांनी मोबाइल घेतला तेव्हा नंबरच्या शेवटी आठ आला. दुकानदारानं आपल्याला फुळकवणी नंबर दिला, अशी त्यांची बरेच दिवस तक्रार होती.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आम्ही नऊ जण सामान बांधून स्वयंपाकघरात बसलो होतो. त्या वर्षी दहावीला आम्ही नऊच उरलो होतो. मामांनी शिरा केला होता. खाऊन झाल्यावर कुणीतरी विचारलं की मामा, आमच्यातलं कोण कोण पास होणार. मामा म्हणाले की ते मला कळत नाही, पण तुम्ही एकेक आकडा सांगा, मी तुमची सगळ्यांची मिळून एक संख्या करतो. बसलो होतो त्या क्रमानं आम्ही सांगत गेलो आणि मामा कोळशानं भिंतीवर लिहीत गेले. सहा. एक. दोन. पाच. रमणनं आठ सांगितला, त्याला आठाचा पाढा म्हणायला आवडायचा. मग चार. मग नवशाची पाळी आली.

नवशा आमच्यातला सगळ्यात उंच, सगळ्यात जास्त खाणारा, आणि मार खाऊनही हसणारा. तो म्हणाला, "मामा, माझं शून्य लिहा. मला पेपरात तेवढंच पडणार आहे."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी शून्य जरा मोठंच काढलं आणि म्हणाले, "शून्य म्हणजे काही नाय असं समजू नको. हे काढलं तर आधीचे सहाच्या सहा जण एकेक पायरी खाली येतात."

त्याच्यानंतरच्या मुलीनं परत दोन सांगितला, कारण तिच्या जिवलग मैत्रिणीनं आधी दोन सांगितला होता. शेवटी मी होते. माझ्या जिभेवर आठ आला होता, पण मी नऊ म्हणाले, कारण आम्ही नऊ होतो. मामा पुढे कित्येकदा मला चिडवायचे की पोरी, तू आठ म्हणाली असतीस तर त्याच दुपारी दोननं निकाल लागला असता आणि माझी वर्षं वाचली असती. भिंतीवर ६१२५८४०२९ अशी संख्या झाली. एकसष्ट कोटी, पंचवीस लाख, चौऱ्याऐंशी हजार एकोणतीस. मामा तिच्यासमोर उभे राहून पुटपुटत होते. दोननं नाही. पाचनं नाही. आकड्यांची बेरीज सदतीस, म्हणजे तीननं नाही. सातनं बाकी एक. अकरानं बाकी दोन. मग ते वळले आणि म्हणाले, "ही लवकर शिजायची नाय. पण मी बघतो. डाळ निघाली तर डाळ, खडा निघाला तर खडा. काय ते तुम्हाला सांगेन."

आम्ही त्या दुपारी पांगलो. कुणी चिखल्याला लग्न होऊन गेली, कुणी वाणगावच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागली, रमण उंबरगावला कारखान्यात लागला. मी डहाणूला स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायला बसले आणि अजून तिथंच आहे. नवशा नापास झाला, तोंडानं सांगितलं होतं तसाच, आणि गावातल्या माणसांबरोबर वेरावळला बोटीवर खलाशी म्हणून गेला. आमच्याकडची कितीतरी पोरं तशी जातात, त्यात नवल काही नव्हतं. पण मामांकडे आमची ती संख्या राहिली होती, आणि आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मामांची पद्धत अशी होती. आधी त्यांनी एक महिना खपून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर खड्यांची यादी केली: दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशी चोवीस हजारांच्या वर. नंतर मे महिन्यापासून त्या यादीतला रोज एक भाजक घ्यायचा आणि आमच्या संख्येला त्यानं भागायचं. रोज एक. एक पान, वर तारीख, खाली बाकी. चोवीस हजार सातशे एकोणपन्नासपर्यंत जायचं, त्याच्या पुढे नाही; कारण भाजक नेहमी जोडीनं येतात, जोडीतला एक त्याहून मोठा असला तर दुसरा त्याहून लहान असणारच, आणि लहान सगळे आधीच बघून झालेले असतात. हे त्यांना कुणी शिकवलं होतं की त्यांचं त्यांना सुचलं होतं, मला माहीत नाही. मी एकदा म्हणाले की मामा, एका दिवसात दहा भागाकार करा, लवकर होईल. ते म्हणाले की तुम्हाला मी एका दिवसात दहा वेळा जेवायला घातलं होतं का?

दर होळीला आम्ही जमायचो. होळीला आमच्याकडचं माणूस कुठंही असलं तरी घरी येतं. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जण मामांच्या ओट्यावर. मामा वही काढून सांगायचे की इतक्यापर्यंत आलो, अजून फुटली नाही. आम्ही टाळ्या वाजवायचो. कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ती संख्या फुटत नाही तोवर आपणही फुटत नाही, असं काहीतरी आमच्या मनात बसत चाललं होतं. एकमेकांचे फोन वर्षभर न करणारी माणसं आम्ही, त्या ओट्यावर मात्र आमचा वर्ग अजून भरलेला असायचा. दोन होळ्यांना नवशा आला. हात दोरांनी सोलवटलेले, केस मिठानं ताठ. आपलं शून्य अजून जागेवर आहे ना, एवढं तो मामांना विचारायचा.

तिसऱ्या होळीच्या आधीच, दिवाळी नुकतीच संपली होती तेव्हा, बोटीवरून निरोप आला. नवशा रात्री पाण्यात पडला होता. दोन दिवस शोधलं. सापडला नाही.

मी तेव्हा दिवाळीसाठी घरी आले होते. मामांबरोबर मी नवशाच्या आईकडे गेले. तिचं घर मामांच्या घरापासून शेताच्या दोन बांधांवर. ती दारात बसली होती आणि रडत नव्हती. आल्यागेल्याला एकच विचारत होती, "अंगच नाय, तर दिवस कोनाचं घालू?" दिवस म्हणजे मेलेल्याच्या नावाचं पान मांडून पाड्याला जेवण घालायचं. कुणी म्हणालं वाट बघ, कुणी म्हणालं बोटवाल्यांना परत विचारू. मामा तिच्याजवळ खाली बसून राहिले. दुपार उतरल्यावर आम्ही परत आलो. मामांनी हातपाय धुतले, ओट्यावर बसले आणि वही मागितली. मी म्हणाले, मामा, आज राहू द्या. ते म्हणाले की तापात सुद्धा राहू दिलं नाही, आज कसं राहू देऊ, आजच तर त्याचं काम आहे. मी समोर बसले होते. त्यांनी पान लिहून काढलं, वही मिटली आणि चुलीकडे गेले. त्या पानाकडे माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या होळीला आम्ही आठ जण होतो. काहीतरी बोलायचं म्हणून रमण म्हणाला की मामा, नवशाचं शून्यच होतं, काढलं तरी काही बिघडणार नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं, तोंडातून गेलं. मामा वाढत होते, ते थांबले. "काढून बघ," ते म्हणाले. "आपली संख्या राहते का बघ." संध्याकाळपर्यंत ते रमणशी बोलले नाहीत. निघताना मात्र त्याच्या पिशवीत त्यांनी निम्मे वडे घातले.

साडेसात वर्षं लागली. शेवटचा भागाकार झाला तो पुन्हा दिवाळीच्या सुमाराला. मामांनी आठही जणांना बोलावलं, नवशाच्या आईलाही बोलावलं. शाळेत उभे राहायचे तसे डाव घेऊन दारात उभे राहिले आणि त्याच आवाजात म्हणाले, "एकसष्ट कोटी, पंचवीस लाख, चौऱ्याऐंशी हजार एकोणतीस. भाजक चोवीस हजार सातशे एकोणपन्नास. बाकी एकवीस हजार पाचशे तीस. संपलं. खडा आहे." आम्ही मोठी माणसं लहान पोरांसारखी ओरडलो. नवशाच्या आईला त्यातलं काही कळलं नव्हतं, तिनं मामांना विचारलं की म्हणजे काय. मामा म्हणाले, "म्हणजे तुझ्या नवशाला धरून ही नऊ पोरं कोणाला तोडता येत नाय." तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. पुढे पाड्यावर कुणीही आलं की ती हे सांगायची, माझा नवशा त्या संख्येत आहे आणि ती तुटत नाही.

मला कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक. त्यानंतरच्या पावसाळ्यात दुकानात लाइट येऊन-जाऊन होते, गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी कौतुकानं आमची संख्या संगणकावर संख्या फोडून देणाऱ्या एका वेबसाइटवर टाकली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. ७१०३ गुणिले ८६२४३.

मी परत टाकली. कॅल्क्युलेटरवर गुणून बघितलं. मग कागदावर गुणलं. दर वेळी आमचे नऊ आकडे क्रमानं समोर येत होते, सहा एक दोन पाच आठ चार शून्य दोन नऊ. आमची संख्या डाळ होती. मामांच्या साडेसात वर्षांत कुठेतरी एका दिवशी ती फुटली होती आणि त्यांना दिसलं नव्हतं.

मी सांगितलं नाही. आज सांगते उद्या सांगते करत दीड वर्ष गेलं. मधल्या होळीला मामांनी सगळ्यांसमोर परत खड्याची गोष्ट सांगितली आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. मी मनाची समजूत घालत होते की म्हातारा माणूस आहे, निवृत्त झालाय, चुलीच्या धुरानं छाती गेलीय, त्यांच्याकडून हे काढून घेऊन आपल्याला काय मिळणार आहे. आणि नवशाच्या आईचं काय. या सगळ्या कारणांत खरं कारण एकच होतं. मला त्यांच्या तोंडावरचा बदल बघायचा नव्हता.

मग एका थंडीत मामांनीच मला बोलावून घेतलं. खोकल्यानं ते अर्धे झाले होते. वह्यांचं एक गाठोडं पुढे करून म्हणाले की हे तू घेऊन जा, माझ्यानंतर चूल पेटवायला जाईल. मी डहाणूला येऊन गाठोडं सोडलं आणि सात हजार एकशे तीनचं पान शोधलं. वरची तारीख वाचली. आम्ही नवशाच्या आईकडून परत आलो होतो त्याच दिवसाची तारीख होती.

आधीच्या पानावर भागाकार पाच आकडी होता. पुढच्या पानावर पाच आकडी. या एका पानावर चार आकडीच होता आणि बाकी दोन हजार एकशे सत्तावन्न. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ही गोष्ट मामांच्या नजरेतून सुटली नसती. मी बोट ठेवत एकेक ओळ खाली गेले. सहा एक दोन पाच आठ, हे बरोबर. चार खाली उतरवला, बरोबर. त्यानंतर शून्य उतरवायचं होतं. मामांनी एकदम पुढचा दोन उतरवला होता. नवशाचा आकडा खाली आलाच नव्हता.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. रविवारी ते पान घेऊन मी वेवजीला गेले. मामा ओट्यावर उन्हाला बसले होते. मी म्हणाले, "मामा, आपली संख्या फुटते."

त्यांनी मला कशानं असं विचारलं नाही, खरं का असंही विचारलं नाही. म्हणाले, "करून दाखव."

मी पाटी मांडीवर घेतली आणि मोठ्यानं करत गेले. आठ वेळा. बाकी चार हजार चारशे चौतीस. चार उतरवला. सहा वेळा. बाकी सतराशे सव्वीस. मग मी थांबले, आणि म्हणाले, "आता शून्य उतरवलं." मामांनी मान वर केली. दोन वेळा. दोन उतरवला. चार वेळा. नऊ उतरवला, माझा नऊ. एकवीस हजार तीनशे नऊ झाले आणि सात हजार एकशे तीनची तिप्पटही एकवीस हजार तीनशे नऊ. खाली काही उरलं नाही.

मी त्यांचं पान पुढे केलं. त्यांनी तारीख वाचली, मग तीच ओळ शोधून काढून तिच्यावर अंगठा ठेवला. "सगळ्यांना उतरवलं," ते म्हणाले, "त्यालाच वर ठेवलं मी."

मग त्यांनी विचारलं की तुला हे कधी कळलं. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, दीड वर्ष झालं.

"दीड वर्ष बाकी लपवलीस," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी चढवला असता तर बरं झालं असतं. शाळेत ते मला कधी रागावले नव्हते, आणि त्या एका वाक्याचा राग माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाही. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं ते आपल्याशीच बोलल्यासारखं बोलू लागले. एवढा एक सोडून दुसरे कुणी भागलं नाही ना, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, संगणकानं हे दोनच तुकडे दाखवले होते. मग मामा म्हणाले, "ज्यानं सगळीला भाग गेला नाय, तो तिच्या तुकड्याला कसा जाईल? म्हणजे ते दोन तुकडे खडेच. ते फुटत नाय, हे मी हातानं बघितलंय, रोज एक." आणि थोडं थांबून, "मग फुकट नाय गेलं." हे त्यांचं त्यांना दिसलं होतं. माझ्या दीड वर्षाच्या समजुतींत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी जे वाचवायला निघाले होते ते त्यांच्याजवळ आधीपासूनच होतं, फक्त त्यांना सांगायला हवं होतं.

"चल," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले. "तिला सांगायला पाहिजे."

दोन बांधांच्या वाटेवर ते तीनदा बसले. नवशाची आई वाल सोलत होती. मामांनी तिला सगळं सांगितलं, काही मऊ करून सांगितलं नाही. संख्या फुटते. त्या दिवशीच फुटली होती. तुझ्या पोराचा आकडा मी खाली उतरवायचा विसरलो, म्हणून मला दिसलं नाही, आणि इतकी वर्षं मी तुला चुकीचं सांगितलं. तिनं वाल सोलायचं थांबवलं. तिला भागाकार येत नव्हता, पण तिनं नेमकं तेवढंच विचारलं.

"आता उतरवला ना खाली?"

"उतरवला," मामा म्हणाले.

"मग झालं," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मामा तिथं उंबऱ्याशी बसून रडले. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं.

चैत्रात मामा गेले. होळीला आम्ही आठ जण ओट्यावर जमलो होतो तेव्हा त्यांना उठून बसवत नव्हतं, तरी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं की खडा म्हणालो होतो ते चुकलं, दोन खडे आहेत. रमणनं त्यांचे पाय धरले. मला वाटतं त्या दिवशी आम्ही संख्येशिवाय एकत्र बसायला शिकलो, आणि शिकवणारा माणूस पंधरा दिवसांत निघून गेला.

त्यांच्या दिवसाच्या जेवणाला आम्ही आठही जण राबलो. तांदळाचे वडे तळले, भाजी केली. माणसं बसली, पानं मांडली, वाढून झालं. मामांच्या नावाचं पान कुंपणापाशी ठेवलं. टोपलीत तळाशी काहीतरी उरलं होतं आणि एका बाईनं सवयीनं त्यावर फडकं ओढलं. लोक जेवायला लागणार इतक्यात माझे पाय आपोआप दाराकडे गेले. माझा आवाज मामांसारखा नाही. तरी मी फडकं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकशे पंच्याऐंशी वडे. ब्याण्णव माणसं. प्रत्येकी दोन. बाकी एक."

सगळे माझ्याकडे बघत होते. पाड्यावरच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं, पण हात सगळ्यांचे थांबले होते.

"एक नवशाचा," मी म्हणाले.

त्याचा दिवस कधी घातलाच गेला नव्हता. त्याची आई उठली. माझ्या हातातून तिनं तो वडा घेतला, पळसाच्या पानावर ठेवला, आणि कुंपणाशी जाऊन मामांच्या पानाशेजारी ते पान मांडलं. हात जोडून घटकाभर तिथं उभी राहिली. मग परत येऊन आपल्या जागेवर बसली, आणि लोक जेवायला लागले.